फोतिनी नसतानाचा पास्खा

चार वर्षांपूर्वी मैमुना बाणकोटहून आखातातल्या अल खफजीला आली, तेव्हा तिच्या सासूने, हाजराबींनी, बॅगेत सुक्या बोंबलांची एक जुडी घालून दिली होती. सात पिशव्यांत गुंडाळलेली. मैमुनाचा नवरा कादिर खफजीच्या बंदरात एका सप्लाय बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, होता. समुद्रातल्या तेलविहिरींवर काम करणाऱ्या माणसांना सामान पोचवणारी ती बोट. कंपनीने गावात एक तीन मजली इमारत भाड्याने घेतली होती आणि तिच्यातलं सगळ्यांत वरचं घर कादिरच्या वाट्याला आलं होतं.

पहिल्यांदा तिने बोंबील भाजले तेव्हा मधल्या मजल्यावरच्या बाईने धाडधाड खिडक्या लावून घेतल्या. दुसऱ्यांदा मैमुनाने आधीच स्वतःच्या खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. तरीही पाच मिनिटांत बेल वाजली. माफी कशी मागायची याची जुळवाजुळव करतच ती दार उघडायला गेली.

दारात साठीची, रुंद खांद्यांची एक बाई उभी होती. एप्रनला पीठ लागलेलं. तिने डोळे मिटून एक लांब श्वास घेतला, मैमुनाला हाताने हलकेच बाजूला केलं आणि ती सरळ स्वयंपाकघरात गेली. तव्यावरचा बोंबील दोन बोटांनी उचलला, फुंकर मारली आणि उभ्याउभ्याच खाल्ला. मग खुर्ची ओढून बसली आणि बोटानेच दुसरा मागितला.

मैमुनाची मुलगी समरीन तेव्हा दहा वर्षांची होती. शाळेत शिकलेल्या इंग्रजीवर तिने त्या दिवशी दुभाष्याचं काम केलं, ते पुढे कायमचं तिच्याच गळ्यात पडलं. तिच्याकडून कळलं ते असं: बाईचं नाव फोतिनी, कादिरच्या बोटीचे कप्तान मिखालिस यांची बायको, तळमजल्यावर राहते. ग्रीसमधल्या कालिम्नोस नावाच्या बेटावरची. तिचे वडील समुद्राच्या तळाशी बुड्या मारून स्पंज काढायचे. तिच्या लहानपणी घरासमोरच्या दोरीवर ऑक्टोपस वाळत घातलेले असत आणि बोंबलाच्या वासाने तिला थेट त्या दोरीखाली नेऊन उभं केलं होतं.

त्या दिवसापासून मैमुना तिला बाजी, म्हणजे थोरली बहीण, म्हणू लागली. फोतिनीला त्याचा अर्थ समरीनने सांगितला, तेव्हा तिने मान हलवून तो पसंत केला आणि मैमुनाला 'मेमूना' म्हणायला सुरुवात केली.

बाणकोटच्या घरात मैमुना मधली सून होती. चौदा माणसांचा स्वयंपाक, पण त्यात काय घालायचं आणि किती घालायचं हे हाजराबी ठरवत, थोरली जाऊ तसं करी आणि मैमुना कांदे चिरी. खफजीत पहिल्यांदाच तिला स्वतःचं स्वयंपाकघर मिळालं होतं, आणि जेवणारी माणसं होती तीन. त्यातला कादिर महिन्यातले पंधरा दिवस पाण्यावर. समरीनला नूडल्स आवडत. उत्साहाने काही मोठं करावं तर ते चार दिवस फ्रिजमध्ये पडून राही.

तळमजल्यावर याच्या उलट होतं. खफजीच्या बंदरात कप्तान सोडून अकरा ग्रीक होते. कोणी इंजिनियर, कोणी पाणबुड्या, कोणी क्रेनवाला. सगळे बायकामुलं गावी ठेवून आलेले. सण आला की ते न बोलावता फोतिनीकडे येत. तशी पद्धतच होती. नोव्हेंबरात कप्तान मिखालिस यांच्या नावाच्या संताचा दिवस असे. त्या लोकांत वाढदिवसापेक्षा तो दिवस मोठा. मग नाताळ, नवं वर्ष, आणि सगळ्यांत मोठा पास्खा, म्हणजे त्यांचा ईस्टर. परक्या धर्माचा सण इथे उघडपणे करता येत नसे, म्हणून पडदे ओढून घ्यायचे, आवाज घरातल्या घरात ठेवायचा आणि जेवायचं. दोन दिवस आधीपासून फोतिनीच्या ओट्यावर जागा नसे आणि पहिल्याच वर्षी मैमुना मदतीला म्हणून खाली उतरली ती तिथलीच झाली.

फोतिनी तिला हाताने शिकवी. माप कधीच सांगत नसे. पिठाचा गोळा मैमुनाच्या तळव्यावर ठेवून, तिची बोटं त्यावर दाबून, "असा," म्हणे. असा म्हणजे कानाच्या पाळीइतका मऊ. नाताळात त्या दोघी संत्र्याच्या रसातली बिस्किटं भाजून गरम गरम मधात बुडवत. पांढऱ्या साखरेत लोळवलेली दुसरी एक जात होती, ती पाहून मैमुनाने समरीनला सांगितलं की ही तर आपली नानखटाईच आहे, आणि फोतिनीने ते ऐकून घेतलं नाही. पास्खाच्या आधीच्या गुरुवारी कांद्याच्या सालींत अंडी उकडून लाल करत; सणाच्या दिवशी ती एकमेकांवर आपटून फोडायची, ज्याचं टिकेल तो जिंकला. त्याच दिवशी वेणीसारखा विणलेला गोड पाव होई. त्यात महलब घालत, एका जातीच्या चेरीच्या बियांची पूड. ग्रीसमध्ये ती औषधासारखी मोजून मिळते, इथे कोपऱ्यावरच्या मसाले विकणाऱ्या अत्ताराकडे गोणीत होती. फोतिनीला या देशाची सगळ्यांत आवडलेली गोष्ट तीच.

उपासाचंही एकदा गमतीने कळलं. एका वसंतात फोतिनीने सलग आठवडाभर दुधाचा चहा नाकारला, तेव्हा मैमुनाला वाटलं तिचं पोट बिघडलंय. मग समजलं की पास्खाआधी सात आठवडे ती मांस, दूध, अंडी काही खात नाही. मैमुनाचा रमजान चालू होता. एक बाई दिवसभर काही खात नव्हती आणि दुसरी दिवसभर मसूर खात होती, आणि दोघी मिळून संध्याकाळच्या स्वयंपाकाबद्दल बोलत होत्या. समरीनला त्याचं फार हसू येई.

असं तीन वर्षं छान चाललं. बिनसलं ते यंदाच्या एक जानेवारीला.

नव्या वर्षाला ग्रीक लोक एक केक कापतात. त्यात एक नाणं लपवलेलं असतं, ज्याच्या तुकड्यात ते निघेल त्याचं वर्ष चांगलं जातं. डिसेंबरात फोतिनीचा खांदा धरला होता. तिने केकचं काम मैमुनावर सोपवलं. मैमुनाने सगळं बाजीसारखंच केलं, संत्र्याची साल किसून घातली, लोणी फेसलं. शेवटी तिला ते थोडं सपक वाटलं आणि तिने वेलदोड्याची पूड घातली. वर जरा जायफळ.

केक कापला गेला. अकरा माणसं खाऊ लागली. लेफ्तेरिस नावाचा म्हातारा इंजिनियर, जो एरवी फक्त यंत्राबद्दल बोलायचा, त्याने दुसरा तुकडा घेतला आणि म्हणाला की वीस वर्षांत असा केक खाल्ला नव्हता. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मैमुना भिंतीशी उभी होती. तिला भाषा कळत नव्हती पण तोंडं कळत होती आणि तिचा चेहरा फुलला होता.

फोतिनीने आपला तुकडा बशीत तसाच ठेवला. इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ती म्हणाली की हा आमचा केक नाही. हा भारतीय केक आहे. आमचा मला करायला हवा होता.

मैमुनाने समरीनकडे पाहिलं. समरीनने भाषांतर केलं, एकही शब्द न गाळता. चौदा वर्षांच्या मुलीला अजून काही शब्द गाळायचे असतात हे ठाऊक नव्हतं.

त्यानंतर मैमुना खाली गेली नाही. भांडण असं झालंच नाही. जिन्यात भेटल्या तर सलाम होई, तब्येतीची विचारपूस होई. मार्चमध्ये रमजान आणि त्यांचा उपास एकाच वेळी आला, तेव्हा मैमुनाने रोज इफ्तारीची एक प्लेट समरीनबरोबर खाली धाडली, मांसमच्छी न घालता. ती प्लेट कधी रिकामी परत आली नाही. तिच्यात कधी ताहिनीचा, म्हणजे वाटलेल्या तिळाचा, हलवा असे, कधी द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात. पण प्लेट घेऊन कप्तान येत. फोतिनी येत नसे. कादिर म्हणाला, एवढीशी वेलची, तिच्यापायी दोन शहाण्या बायका किती दिवस घालवणार? मैमुनाने त्याला सांगितलं की वेलचीचा यात काहीच संबंध नाही, आणि का नाही ते मात्र तिला सांगता आलं नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कादिर बंदरावरून बातमी घेऊन आला. अथेन्समध्ये फोतिनीच्या मुलीला, कल्लिओपीला, सातव्या महिन्यातच मुलगी झाली होती. बाळ काचेच्या पेटीत होतं. फोतिनी पहाटेच दम्मामहून विमानाने गेली होती. जिन्याखाली बॅगा लागल्या असतील, टॅक्सी आली असेल, आणि दोन मजले वर मैमुना शाळेचा डबा भरत होती. तिला काही कळलं नव्हतं. ती ओट्याशी जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून भांडी घासत राहिली.

चार दिवसांनी कप्तान मिखालिस वर आले. उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. हातात मैमुनाच्या तीन प्लेटी होत्या, धुऊन पुसलेल्या. ते आत आले नाहीत. समरीनला त्यांनी सांगितलं की बाळ ठीक आहे, रोज थोडं वजन घेतंय. रविवारी पास्खा आहे, पण यंदा होणार नाही, तसं त्यांनी बंदरावर सगळ्यांना सांगितलंय. आणि जूनमध्ये त्यांची नोकरी संपतेय, तर हा खफजीतला शेवटचा होता. एवढं बोलून ते जिना उतरू लागले.

"त्यांना म्हणावं, माणसांना यायला सांगा," मैमुना म्हणाली.

समरीनने विचारलं, "कशाला? जेवण कोण करणार?"

"तू सांग तर."

समरीनने सांगितलं. कप्तान जिन्यात थांबले. मग खालच्या पायरीवर बसले, टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. उठताना त्यांनी खिशातून घराची किल्ली काढून समरीनच्या हातात दिली.

कादिरला ऐकून थोडी चिंता वाटली. तो म्हणाला, त्यांचा सण आहे, त्यात आपलं काय. इथे कोणी काही म्हणालं तर. मैमुनाने विचार करून उत्तर दिलं. त्यांची दुआ त्यांची, अंडी फोडणं त्यांचं, त्यात ती जाणार नाही. पण अकरा माणसं घरापासून लांब आहेत आणि सणाच्या दिवशी मेसमध्ये जेवणार आहेत. जेवण घालायला कोणाची मनाई आहे? कादिरने विचारलं की मटण किती लागेल. हफ्र अल बातिनच्या गुरांच्या बाजारात त्याचा चुलतभाऊ होता. शनिवारी तिकडून एक कोवळं मेंढरू साफ करून, बर्फात घालून आलं.

गुरुवारी मैमुना किल्ली घेऊन तळमजल्यावर गेली. स्वयंपाकघर जसं सोडलं होतं तसंच होतं. ओट्यावर अर्धवट भरलेली महलबची बाटली, खुंटीवर एप्रन. तिने एप्रन घेतला नाही. आपली ओढणी मागे बांधली आणि पीठ चाळायला घेतलं.

अंडी छान लाल झाली. पावाने मात्र दगा दिला. पहिला गोळा तीन तासांत फुगला नाही. तिने तो टाकला आणि दुसरा मळला. दुसरा फुगला, पण भाजल्यावर विटेसारखा निघाला. समरीन शाळेतून आली तेव्हा तिची आई ओट्यावर डोकं टेकून बसली होती आणि समोर विणलेली वीट होती.

"आंटीला फोन लावू?" समरीनने विचारलं.

मैमुनाने ती वीट पुढे सरकवली. समरीनने लावला.

फोतिनी इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये बसली होती. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. पडद्यावर मैमुना दिसताच तिने आधी तिच्यामागचं आपलं स्वयंपाकघर पाहिलं, मग ओट्यावरची लाल अंडी पाहिली, आणि तिचा हात तोंडावर गेला. मग मैमुनाने बाळाबद्दल विचारलं. फोतिनीने तळहात पुढे करून दाखवलं, एवढंसं आहे. मैमुनाने पाव उचलून कॅमेऱ्यासमोर धरला आणि ओट्यावर आपटला. ठक्क आवाज आला. फोतिनी हसली. डोळे पुसत हसली.

तिने सांगितलं की दूध फार गरम झालं असणार, यीस्ट मेलं. कोमट हवं, बाळाच्या अंघोळीच्या पाण्याइतकं. लोणी शेवटी घालायचं, आधी नाही. गोळा ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेव, कारण मिखालिस एसी वाढवून ठेवतो आणि त्याला काही समजत नाही. मैमुना मान डोलवत होती. समरीन दोन्हीकडचं भराभर सांगत होती.

सगळं सांगून झाल्यावर फोतिनी थांबली. मग हळूहळू, शब्द शोधत बोलू लागली. समरीननेही हळू आवाजात भाषांतर केलं.

"आंटी म्हणतेय, मी चाळीस वर्षं ह्यांच्याबरोबर बंदरोबंदरी फिरले. कुठेच माझी माणसं नव्हती, माझी भाषा नव्हती. फक्त सणाच्या दिवशी माणसं माझ्या दारात यायची, एवढंच माझं होतं. त्या दिवशी सगळे तुझा केक खात होते आणि मला वाटलं, आता तेही गेलं. केक चांगला होता. मी नंतर एकटीने अर्धा खाल्ला."

मैमुनाने ओढणीने तोंड पुसलं. "म्हणावं, बाजी, तुमच्या दारातच येणारेत सगळे. किल्लीसुद्धा तुमचीच आहे."

समरीनने ते सांगितलं. फोतिनीने विचारलं, पावात ती वेलची घालणार का, हवी तर घाल, मी काही म्हणणार नाही. मैमुना म्हणाली, नाही. कल्लिओपीच्या बाळाचा पहिला पास्खा आहे, आजीच्या हातचा असतो तसाच झाला पाहिजे.

तिसरा गोळा ब्लँकेटमध्ये गेला. संध्याकाळी तो भाजून निघाला तेव्हा कादिरने वास घेत घेत दोनदा स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं.

रविवारचं मुख्य काम मेंढराचं होतं. कालिम्नोसवर ते पोटात तांदूळ, कांदा आणि बारीक चिरलेली कलेजी भरून शिवतात, उंच मडक्यात उभं ठेवतात, तोंड कणकेने लिंपतात आणि बेकरीच्या भट्टीत सोडतात. कणकेने दम द्यायचं मैमुनाला नवीन नव्हतं. तिच्या घरी बिर्याणीला तसंच करतात. गल्लीच्या तोंडाशी हाशम नावाच्या अफगाण माणसाची तमीसच्या रोट्यांची बेकरी होती. सकाळच्या रोट्या संपल्या की दुपारच्या रोट्यांपर्यंत त्याचा तंदूर मोकळा असे. फोतिनी दर वर्षी त्याला खुणांनी समजावून पातेलं तंदुरात सोडायची, आणि दर वर्षी एकदा तरी तो ते अर्ध्यातच बाहेर काढायचा. मैमुनाने त्याला हिंदीत सांगितलं, चार वाजेपर्यंत झाकण उचलायचं नाही. हाशम म्हणाला, इतकी वर्षं ती म्हातारी बोटं दाखवून हेच सांगत होती होय, मला वाटायचं चार वेळा उघडून बघ म्हणते.

कादिर आणि हाशम यांनी मिळून पातेलं आत सोडलं. चार वाजता काढलं. कणीक काळी पडली होती आणि बाजूने रस उतू जाऊन करपला होता. मैमुनाने झाकण तिथे उघडलं नाही.

माणसं सहा वाजता आली. दाढी केलेली, इस्त्रीचे शर्ट घातलेली. एकाने बंदरावरच्या कुंड्यांतली फुलं आणली होती, ती कुठे ठेवायची हे त्याला समजेना. नेहमी फोतिनी घ्यायची. मैमुनाने पुढे होऊन घेतली आणि पेल्यात ठेवली. मग ती आणि समरीन स्वयंपाकघरात गेल्या. बाहेर कप्तान मिखालिस खालच्या आवाजात पास्खाच्या अभिवादनाचे दोन शब्द बोलले आणि बाकीच्यांनी तितक्याच हळू उत्तर दिलं. मग लाल अंड्यांवर अंडी आपटल्याचे टकटक आवाज आले, कोणीतरी हरलं, कोणीतरी हसलं, तेव्हा मैमुनाने कादिरला पातेलं न्यायला सांगितलं.

कणीक फोडली. वाफ वर गेली आणि सगळे पुढे वाकले. मांस हाडापासून आपोआप सुटत होतं. तळाचा भात थोडा गिच्च झाला होता, मैमुनाला ते दिसलं आणि ती अस्वस्थ झाली. लेफ्तेरिस म्हाताऱ्याने पहिला घास घेतला. तो चावला, गिळला, मग त्याने चमचा खाली ठेवला आणि दोन्ही हात डोळ्यांवर धरले. शेजारच्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानंतर सगळे जेवू लागले.

कप्तानांनी फोन लावला आणि टेबलावरून फिरवला. फोतिनी एकेकाचं नाव घेऊन हजेरी घेत होती. यानिस कुठाय? तो बोटीवर आहे, ड्यूटी लागली. त्याच्यासाठी डबा काढलाय का? काढलाय. मग तिने कॅमेरा भातावर न्यायला लावला. बराच वेळ निरखून पाहिलं.

"मेमूना," ती म्हणाली, "पाणी जास्त."

सगळे हसले. समरीनने भाषांतर करायच्या आतच मैमुनाला कळलं होतं, आणि तीही हसली. चार महिन्यांत तिच्या कामात कोणी चूक काढली नव्हती. ती फोनजवळ गेली आणि मराठीतच भांडू लागली की तांदूळ वेगळा होता, तुमच्यासारखा जाडा इथे मिळतच नाही. फोतिनी ग्रीकमध्ये काहीतरी उत्तर देत राहिली. समरीनने या वेळी दोघींपैकी कोणाचंच भाषांतर केलं नाही. बसून पावाचा तुकडा खात राहिली.

जूनच्या सुरुवातीला फोतिनी घर आवरायला परत आली. बाळ पेटीतून बाहेर आलं होतं, अडीच किलो भरलं होतं. ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी बकरी ईद होती. मैमुनाने या वेळी अकराही जणांना आपल्याकडे जेवायला बोलावलं होतं, आणि कप्तानांना. वरचं घर लहान, म्हणून चादरी अंथरून खाली बसायची सोय केली होती.

फोतिनी सकाळी आठलाच वर आली, आपला एप्रन घालून. मैमुना संदणांचं पीठ घोटत होती. तांदळाचा रवा, नारळाचं दूध, साखर, रात्रभर आंबवलेलं. ते वाट्यांत भरून वाफवायचं असतं. फोतिनीने दुसरा डाव उचलला आणि वाट्या काठोकाठ भरू लागली. मैमुनाने तिचा हात धरला. अर्धीच वाटी भरायची, ते फुगतं. पुढच्या वाटीत फोतिनीने पाऊण भरलं. मैमुनाने त्यातलं काढून परत पातेल्यात टाकलं. पहिला घाणा उतरला तेव्हा फोतिनीच्या चार वाट्या ओसंडून चिकटलेल्या निघाल्या. तिने त्या चार बाजूला घेतल्या आणि चमच्याने खरवडून खाऊन टाकल्या, म्हणजे पाहुण्यांना दिसायला नकोत.

मटणाच्या भाताला पाणी किती घालायचं असं तिने विचारलं तेव्हा मैमुनाने तिचं बोट धरून तांदळावर टेकवलं आणि दुसऱ्या पेरावर खूण केली. फोतिनीने ते बोट वर करून लांबून, जवळून पाहिलं. मग एप्रनच्या खिशातून चिठ्ठी काढली आणि पेराचं चित्र काढून घेतलं. ग्रीक अक्षरांत खाली काहीतरी लिहिलं. समरीनने विचारलं काय लिहिलंय, तर ती म्हणाली, पाणी इथपर्यंत, मेमूना.

दुपारी माणसं आली. मैमुना भात वाढत होती आणि फोतिनी तिच्यामागून संदणांचं ताट घेऊन चालली होती. लेफ्तेरिसने फोतिनीला विचारलं हे काय आहे, तिने नाव सांगितलं, 'सांदाना'. मैमुनाने वळून सुधारलं. फोतिनीने पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं. कादिरने हात धुऊन येणाऱ्यांसाठी जागा करायला दोन चादरी आणखी ओढल्या आणि दोघींनाही सांगितलं की यल्ला, चला, आधी वाढून घ्या, शिकवणी नंतर. त्या दोघी वाढत राहिल्या.